एका किकमध्ये चालू

जुन्या मोटरसायकलीची जाहिरात ‘एका किकमध्ये चालू’ या वाक्याशिवाय पुरी होत नाही. गाडी पावसाळाभर अंगणात भिजत पडलेली असो, टाकीत पेट्रोलपेक्षा गंज जास्त असो, सीटखाली उंदरांनी दोन पिढ्या वाढवलेल्या असोत, हे वाक्य असतंच. त्याच्या आगेमागे ‘सिंगल हँड’, ‘पेपर क्लिअर’, ‘इंजिन पॅक’, ‘आवाज येऊन ऐका’ अशी बाकीची मंडळी हजेरी लावतात. गिऱ्हाईक एकटं कधी येत नाही. त्याच्याबरोबर एक जाणता मित्र असतो आणि त्या मित्राच्या ओळखीचा एक मिस्त्री असतो. किक बसते, गाडी धडधडायला लागते आणि सगळेजण नाडी पाहणाऱ्या वैद्यासारखे माना तिरक्या करून उभे राहतात. ‘टॅपेट वाजतोय.’ ‘टॅपेट नाही, पिस्टन आहे.’ ‘वाजू दे रे, जुन्या गाडीला तेवढं चालतं.’ मग टाकीचा रंग नखाने खरवडून खालचा मूळ रंग शोधला जातो, चासी नंबरवरचा चिखल थुंकी लावून पुसला जातो, आरसी बुक उजेडाकडे धरून वाचलं जातं. तासाभराने टोकन दिलं जातं. एवढ्या वेळात ब्रेक दाबून पाहायचं कोणाच्या मनातही येत नाही. फार तर शेजारचं एखादं पोर सीटवर चढून तो दाबतं आणि ‘हात लावू नकोस’ म्हणून ओरडा खातं.

असली गाडी घेणाऱ्याला घरचे आणि दारचे एकच भीती घालतात, ती म्हणजे ‘वाटेत बंद पडली तर?’ माझ्या मते बंद पडणं हा या गाडीचा सर्वांत निरुपद्रवी गुण आहे. बंद पडलेली गाडी ढकलत नेताना घाम येतो, ऑफिसला उशीर होतो, ओळखीचे नेमके त्याच वेळी भेटतात, पण हाडं सहसा शाबूत राहतात. उलट दहा दिवसांतले सहा दिवस जी सुरूच होत नाही ती गाडी मालकाच्या आयुर्मर्यादेला केवढा हातभार लावते, याचा हिशोब कोणी ठेवत नाही. खरा धोका ती व्यवस्थित सुरू झाली त्या दिवशी असतो. पुढे रिक्षा अचानक वळते आणि मालकाला पहिल्यांदा कळतं की आपण जे तासभर ऐकलं, त्याचा आत्ता काहीही उपयोग नाही. आपण ही गाडी कान आणि डोळे वापरून विकत घेतो आणि ती थांबवायची वेळ येते बोटांवर आणि पायावर. सगळी गफलत इथे आहे.

सुरू करण्याच्या बाजूला किती विद्या साठली आहे पाहा. कास्ट आयर्न इंजिनाची जुनी बुलेट घ्या. किल्ली फिरवायची, अँपिअर मीटरच्या काट्यावर नजर ठेवून किक हळूहळू दाबायची, काटा मध्यावर आला की पाय आवरायचा. मग डिकंप्रेशनचं लिव्हर ओढून किक आणखी एवढीशी खाली न्यायची, लिव्हर सोडायचं, किक पूर्ण वर येऊ द्यायची आणि नंतर अंगाचा सगळा भार एका पायावर टाकून ती मारायची. पाय शेवटपर्यंत न्यायचा, मध्येच कच खायची नाही. कच खाल्ली तर किक उलटी येते आणि पुढचे काही दिवस मालक घोटा बादलीत बुडवून बसलेला दिसतो. जावाची तऱ्हा निराळी. डाव्या बाजूचा एकच दांडा आत दाबून मागे वळवला की किक होतो, पुढे आणला की गिअर होतो. पाहुण्याला हे दाखवताना मालकाच्या चेहऱ्यावर जादूगाराचं समाधान असतं. चोक किती ओढायचा, थंडीत कार्ब्युरेटर किती ‘ओव्हरफ्लो’ करायचा, प्लग ओला झाला तर कसा वाळवायचा, पॉइंटला पॉलिश पेपर कसा मारायचा, यावर गॅरेजागॅरेजात एक सबंध मौखिक परंपरा उभी आहे. तिच्यात घराणी आहेत, गुरू आहेत, मतभेद आहेत. थांबवण्याच्या बाजूला या परंपरेने काय दिलं? ‘ब्रेक जरा आधीपासून मारत ये.’ बस्स, संपली विद्या.

हे वाक्य किती अपुरं आहे ते कळायला राजदूत 350 पाहावी. एस्कॉर्ट्सने 1983 साली यामाहाच्या आरडी 350चा हा भारतीय अवतार बाजारात आणला. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, 347 सीसी, सहा गिअर आणि सुरुवातीच्या गाड्यांना तिसाहून अधिक अश्वशक्ती. देश तेव्हा स्कूटर तिरकी करून सुरू करण्यात गुंतलेला होता. त्या काळात हे इंजिन म्हणजे सरकारी कचेरीत सुटलेला वळूच. मूळ जपानी गाडीला पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता. आपल्याकडे खर्च आटोक्यात ठेवायला त्या जागी ड्रम आला. त्यातून टू-स्ट्रोक इंजिन असं की हात मागे घेतला तरी गाडीला फारसं ओढून धरत नाही. वेग कमी करायचं काम जवळजवळ सगळं ब्रेकवर पडतं. पळायची ताकद एका देशाची आणि थांबायची दुसऱ्याच देशाची, अशी ती मोट बांधली गेली. गाडी फार काळ चालली नाही, त्याला पेट्रोलची भूक आणि किंमत अशी बरीच कारणं होती. पण आज तीच गाडी नटून-थटून काही लाखांना विकली जाते आणि तिच्या ब्रेकबद्दल मालक असे कौतुकाने बोलतात, जसं घरातल्या एखाद्या तापट काकांबद्दल बोलावं. काकांचा ताप निदान घरच्यांपुरता असतो. इथे समोरून शाळेची रिक्षा येत असते.

बुलेटचा किस्सा याहून सूक्ष्म आहे, आणि मला तो जास्त आवडतो, कारण त्यात कोणी काटकसर केलेली नाही. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी. इंग्रजी मोटरसायकलींची ती रीतच होती. 1955 साली मद्रासला एनफिल्ड इंडिया सुरू झाली तेव्हा ती रीत इंजिनाबरोबर आली आणि इंग्लंडमधला मूळ कारखाना मिटून गेल्यावरही इथे कित्येक वर्षं टिकली. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. आता आजच्या मुलाचा विचार करा. तो होंडा, हिरो, बजाजवर वाढलेला. त्याच्या उजव्या पायाला दाबणं म्हणजे थांबणं एवढंच ठाऊक. बुलेट घेतल्यावर तो आठवडाभर गल्लीत सराव करतो, जमतं, मित्रांना दाखवतो. शांतपणे चालवताना डोकं पायाला बरोबर सूचना देत असतं. पण समोर अचानक बस थांबली की डोकं रजेवर जातं आणि पाय जुन्या सवयीने उजवीकडे जोरात दाबतो. गाडी काय करते? आज्ञाधारकपणे वरचा गिअर घेते. इंजिनाने जो काही थोडा आवर घातला असता, तोही सैल होतो. संकटकाळी नेमकं उलटं काम इतक्या इमानदारीने करणारं यंत्र दुसरं क्वचितच सापडेल.

हे सगळं कल्पनेचे खेळ वाटत असतील तर एका जुन्या अभ्यासाकडे वळू. अमेरिकेत हॅरी हर्ट नावाच्या प्राध्यापकाने लॉस एंजेलिस परिसरातल्या नऊशे मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली आणि 1981 साली अहवाल काढला. रस्ते तिकडचे, माणसं तिकडची, पण गाड्या सत्तरच्या दशकातल्या, म्हणजे आज आपण ज्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून कुरवाळतो त्यांच्याच पिढीच्या. अपघातात सापडलेल्यांपैकी 92 टक्के स्वार स्वतःच किंवा मित्र-नातेवाइकांकडून शिकलेले होते. आपल्याकडे हा आकडा वाचून कोणाला धक्का बसू नये. इथे तर काकाने मैदानात सोडलं हीच दीक्षा. दुसऱ्या वाहनाशी टक्कर झाली अशा अपघातांत सुमारे दोन तृतीयांश वेळा चूक त्या दुसऱ्या चालकाची होती आणि बहुतेकदा त्याचं म्हणणं एकच, ‘मोटरसायकल दिसलीच नाही.’ धोका दिसल्यापासून धडकेपर्यंत स्वाराच्या हाती सर्वसाधारणपणे दोन सेकंदांहून कमी वेळ. त्या वेळात बहुतेकांनी केलं काय? मागचा ब्रेक इतका दाबला की चाक घसरलं आणि पुढचा ब्रेक, ज्याच्यावर थांबण्याचं बहुतेक काम अवलंबून असतं, तो पुरेसा दाबलाच नाही. ब्रेक मारताना गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून पुढचं चाक रस्त्याला घट्ट धरतं आणि मागचं हलकं होतं. पण आपल्या घराघरांत पहिला धडा काय? ‘पुढचा ब्रेक मारू नकोस, तोंडावर पडशील.’ मग जुन्या गाडीच्या पुढच्या ब्रेकची केबल दहा वर्षं गंजली तरी कोणाला पत्ता लागत नाही, कारण तो वापरायचाच नसतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: जुनी गाडी पळतेच किती? साठच्या वर गेली तर आरसे गळून पडतात. तेव्हा वेग नाही तिथे भीती कसली? त्याच अहवालातला एक आकडा या मंडळींनी फ्रेम करून ठेवण्यासारखा आहे. अपघाताच्या क्षणाआधीचा मध्यम वेग होता ताशी 48 किलोमीटरच्या आसपास आणि प्रत्यक्ष धडकेचा मध्यम वेग 35च्या जवळ. म्हणजे निम्मे अपघात याहूनही सावकाश घडले. हा वेग शूरांचा नव्हे, दूध आणायला निघालेल्या माणसाचा आहे. गणितही सोपं आहे. चाळीसच्या वेगाने गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. धोका दिसून हात ब्रेकवर पोचेपर्यंत तेवढं अंतर फुकट गेलं. पुढे जे अंतर लागतं ते ब्रेकच्या पकडीवर ठरतं. पकड निम्मी असेल तर अंतर दुप्पट. जुनी गाडी वेगात मागे असते हे खरं, पण थांबण्यात ती त्याहून मागे असते. दोन उणिवा एकमेकींना खोडत नाहीत.

दुसरा आक्षेप भावनिक आहे आणि म्हणून अवघड आहे. ‘आमच्या वडिलांनी हीच जावा तीस वर्षं चालवली, खरचटलंसुद्धा नाही.’ वडिलांबद्दल पूर्ण आदर राखून सांगायचं तर, ज्यांच्या वडिलांना खरचटलं त्यांच्या घरात ती जावा उरलेली नसते आणि असं वाक्यही उरत नाही. दुसरं असं की वडिलांचा रस्ता आता कुठे आहे? म्हैसूरच्या आयडियल जावाची पहिली गाडी 1961 साली बाहेर पडली. त्या वर्षी सबंध देशात सगळी नोंदणीकृत वाहनं मिळून सात लाखांपेक्षा कमी होती. 2020 साली हाच आकडा 32 कोटींच्या वर गेला. पुणं तेव्हा सायकलींचं शहर होतं. जावाच्या पुढे असायचा टांगा, सायकलस्वार किंवा एखादी फियाट, आणि त्या फियाटलाही ड्रम ब्रेकच. सगळेच सावकाश थांबत, त्यामुळे सगळेच अंतर ठेवून चालत. आज तुमच्या पुढे जी मोटार आहे तिला डिस्क ब्रेक आणि एबीएस आहे. 2019च्या एप्रिलपासून तर नव्या मोटारींना आणि 125 सीसीवरच्या नव्या मोटरसायकलींना एबीएस सक्तीचं झालं. ती मोटार जागच्या जागी थांबते. तुम्ही थांबत नाही. जुनी गाडी आहे तशीच राहिली आणि भोवतालचं सगळं जग थांबायला शिकलं, हा तिच्यावर झालेला खरा अन्याय. वडिलांच्या जावेला पुढच्याच्या वेगाची चिंता असे, आपल्याला पुढच्याच्या ब्रेकची करावी लागते. त्यात सहा व्होल्टचा दिवा, जो लागला आहे की नाही हे पाहायला कधी कधी टॉर्च लागावी; आणि इंडिकेटर नाहीत म्हणून हात दाखवायचा. वळण्यासाठी उजवा हात बाहेर काढला की आजकाल मागचा समजतो, कोणी ओळखीचा दिसला असेल.

तिसरा आक्षेप बुलेटवाल्यांचा राखीव आहे: आवाज. ‘आमची गाडी येते हे अर्ध्या मैलावरून कळतं, लोक आपोआप बाजूला होतात.’ लोक बाजूला होतात हे मान्य, आणि बाजूला होताना ते काय बोलतात हेही ऐकण्यासारखं असतं. पण सायलेन्सरचं तोंड मागे असतं. गाडी निघून गेल्यावर ज्यांची झोपमोड होते ते सगळे मागचे. धोका ज्याच्यापासून आहे तो पुढे असतो, काचा वर करून, एसी लावून, गाणी ऐकत. काही शहरांत पोलिसांनी असे जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून रोडरोलर फिरवला. त्या रोलरचा ब्रेक उत्तम असावा.

आता जाणकारांचा आक्षेप, ज्याला मी सर्वांत जास्त मानतो. ते म्हणतात, ड्रम ब्रेकला उगाच नावं ठेवू नका; शू चांगले असतील, ड्रम गोल असेल, केबलला तेलपाणी असेल आणि सेटिंग बरोबर असेल तर तो सुरेख लागतो. शंभर टक्के खरं. माझा सगळा वाद या ‘तर’ पाशी आहे. जुनी गाडी ‘रिस्टोअर’ करायला दिली की मालक काय काय करून घेतो? टाकीला मूळ रंगाची छटा मिळावी म्हणून तीन वेळा रंग उतरवतो. स्पोक आणि मडगार्ड क्रोम करायला पाठवतो. हेडलाइटची मूळ काच मिळावी म्हणून नाना पेठेपासून मुंबईच्या चोरबाजारापर्यंत पायपीट करतो. टाकीवरच्या अक्षरांची जाडी जुन्या कॅटलॉगमधल्या फोटोशी ताडून पाहतो. आणि ब्रेकच्या शूंची गोष्ट निघाली की म्हणतो, ‘आहेत ते अजून चालतील.’ चालतील की नाही हे पाहायला पान्हासुद्धा लागत नाही. ब्रेक दाबून धरायचा आणि चाकापाशी जिथे केबल किंवा सळई येऊन मिळते ती छोटी दांडी बघायची. दोघांत काटकोन होईपर्यंत ठीक. दांडी त्याच्याही पलीकडे गेली तर आतले शू संपत आले आहेत आणि जोर लावाल तेवढा वाया जाणार. तीच गत टायरची. मिस्त्री नक्षीत नख घालून सांगतो, ‘टायर नवाच आहे, चालवलाय कुठे?’ तेच तर दुखणं. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात; ‘2309’ असेल तर तो 2009 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत, रबर मात्र लाकूड झालेलं, कडांना बारीक भेगा. पहिल्या पावसात, रंग मारलेल्या पट्ट्यावर, हा ‘नवा’ टायर आपलं वय सांगतो.

नवे शू, नवी केबल, नवे टायर यांनी गाडीचं अस्सलपण बिघडतं असं कोणी छातीठोकपणे म्हणत नाही, पण वागतात तसंच. डिस्क ब्रेक बसवा म्हटलं की तर सभेत गोंधळ होतो. तिथे मात्र मी शौकिनांच्या बाजूने आहे. मन मानेल तसे बदल करायला कायद्याचीही आडकाठी आहे आणि पन्नास वर्षांच्या गाडीला आजचा डिस्क लावणं म्हणजे आजोबांना जिम लावण्यासारखं. त्यांचे सांधे त्यासाठी बनलेले नसतात. आहे तो ब्रेक जसा कारखान्यातून निघाला तसा करा, एवढंच मागणं आहे. ‘ओरिजिनल’चा एवढा ध्यास आहे, तर ओरिजिनल गाडी थांबतही होती.

उरला तो शेवटचा आक्षेप: नव्या गाड्यांचे काय अपघात होत नाहीत? होतात, आणि भयंकर होतात. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. त्यांतली 74,897 दुचाकीवरची. यांतल्या बहुतेक गाड्या जुन्या मुळीच नसणार. त्याच वर्षी हेल्मेट न घातलेले 50,029 जण दगावले. तेव्हा दोष एकट्या जावा-बुलेटच्या माथी मारणं अन्यायाचं ठरेल. पण जुन्या गाडीच्या छंदाला पोशाखाचीही एक परंपरा असते: गॉगल, चामडी जॅकेट, आणि डोक्यावर काही घालायचा बेत असेल तर टरबुजाच्या अर्ध्या फोडीएवढं टोपडं, जे फोटोत छान दिसतं. सबंध चेहरा झाकणारं हेल्मेट घातलं तर गाडी कोणाची आहे ते लोकांना कळणार कसं? पुण्यात तर हेल्मेटसक्तीविरुद्ध कृती समिती निघून आंदोलनं झाली. तिथे केवळ शौकिनांना बोल लावून काय उपयोग. जुन्या गाडीचा वेगळेपणा इतकाच, की नवीत ज्या चुका कंपनीने आधीच ओळखून थोड्याफार पोटात घातल्या आहेत, त्या हिच्यात मालकाला रोख मोजाव्या लागतात.

या बाबतीत सर्वांत समंजस मला आपला कायदा वाटतो, जे सहसा लिहिण्याची वेळ येत नाही. 2021 साली केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी नियम काढले. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी असेल तर 20,000 रुपये भरून दहा वर्षांची खास नोंदणी आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं. अट अशी की अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्याच कामांसाठी काढायची. शौकिनांनी यावर नाकं मुरडली. पण नीट पाहिलं तर जुन्या मोटरसायकलीच्या मालकाचं सगळं आयुष्य नियमात बसवलं आहे: पेट्रोल पंप आणि गॅरेज. याहून वेगळीकडे तो जात होता कधी? पेट्रोल पंपावर गाडीभोवती पाच माणसं जमतात, म्हणजे प्रदर्शनही झालं. कार्ब्युरेटर उघडून मालक फुटपाथवर बसतो, ते तांत्रिक संशोधन.

कागदांच्या बाबतीत मात्र शौकीन कमालीचा उदार असतो. नाव नंतर करू, एजंट आहे ओळखीचा. विकणाऱ्यालाही घाई नसते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली स्पष्ट केलेलं आहे, की आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, भरपाईच्या दाव्यात कायद्याच्या नजरेने मालक तोच, गाडी मग कितीही हात फिरलेली असो. म्हणजे कोल्हापुरात बसलेल्या, गाडी विकून ती विसरून गेलेल्या गृहस्थांच्या दारी नाशिकच्या अपघाताची नोटीस येऊ शकते. एका किकमध्ये चालू झालेली गाडी कुठवर पोचते, याचा हा एक प्रकार.

राजस्थानात पाली-जोधपूर रस्त्यावर एका बुलेटचं देऊळ आहे. ओम बन्ना नावाचा तरुण त्या गाडीवर असताना झाडावर आदळून गेला. दंतकथा अशी, की पोलिसांनी गाडी ठाण्यात नेली, पेट्रोल काढून टाकलं, साखळीने बांधली, तरी ती रात्रीतून आपली आपण अपघाताच्या जागी परत जाई. आता तिथे हार-फुलं वाहून लोक सुखरूप प्रवासाचं साकडं घालतात. श्रद्धेचा मान ठेवून तांत्रिक बाजूपुरतं बोलायचं, तर रिकाम्या टाकीची बुलेट किकशिवाय सुरू झाली, या चमत्काराची चर्चा पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. रोज त्याच जागी ती अचूक थांबत होती, याचं मात्र कोणी कौतुक केल्याचं ऐकिवात नाही. सुरू होण्याचंच सगळ्यांना अप्रूप.

म्हणून जो कोणी येत्या दसऱ्याला अशी गाडी बघायला निघणार असेल, त्याने क्रम फक्त उलटा करावा. किक मारण्याआधी गाडी न्यूट्रलमध्ये हाताने ढकलत न्यावी आणि पुढचा ब्रेक दाबावा. थांबली तर मागचा. मग टायरवरचे चार आकडे, मग ती दांडी, मग दिवा, आणि एवढं झाल्यावर हवा तेवढा आवाज ऐकावा. विकणारा नक्की हसेल आणि म्हणेल, ‘साहेब, ब्रेकचं काय घेऊन बसलात, ते कुठलंही पोर अर्ध्या तासात करून देईल.’ तर मग त्या पोराला आत्ताच बोलवा म्हणावं. चहा आमच्याकडून, आणि पैसे त्याचं काम झाल्यावर मोजू.